निगेटिव्ह आलेल्या माणसाला आपण काय देतो?

आमच्या रुग्णालयात एकदा रात्री साडेदहाच्या सुमाराला एका सिस्टरच्या बोटात सुई गेली. रक्त काढून झालं होतं, सुई टाकायला ती वळली आणि हात निसटला. पेशंट बाई एचआयव्ही पॉझिटिव्ह होती, केसपेपरवर तशी नोंद होती. सिस्टरनं बोट नळाखाली साबणानं धुतलं, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, आणि तासाभरात कॅज्युअल्टीच्या कपाटातली पहिली गोळी तिच्या पोटात गेली. पुढे २८ दिवस ती रोज गोळी घेत होती. मग तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. या सगळ्यात तिला कुणीही विचारलं नाही की बाई, तू काळजी का घेतली नाहीस. आधी गोळी, मग फॉर्म. असंच असायला हवं.

त्याच इमारतीत तळमजल्यावर माझी खोली होती. आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन. तिथे दर सहा महिन्यांनी एक मुलगा यायचा. चोविशीतला, एका दुकानात कामाला. पुरुषांशी संबंध येतात हे त्यानं दुसऱ्या भेटीत सांगितलं होतं, तेही दार लोटून घेतल्यावर. रिपोर्ट निगेटिव्ह यायचा. मी कंडोमची पाकिटं द्यायचे, तेच ते पुन्हा समजावायचे आणि पुढची तारीख लिहून द्यायचे. तिसऱ्या खेपेला त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, ही आधीच घ्यायची गोळी असते ना, ती इथं मिळेल का?"

मी म्हटलं, असते, पण इथं नाही. शहरात ठरावीक ठिकाणी विकत मिळते, डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आधी तपासण्या कराव्या लागतात. त्यानं महिन्याचा खर्च विचारला, मनात हिशेब केला आणि मोबाइल खिशात ठेवला.

पुढच्या वर्षी त्याचा रिपोर्ट रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह आला. आठवड्याभरात एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या सरकारी केंद्रातून, त्याला गोळ्यांची बाटली मिळाली. मोफत, आणि जन्मभर मिळत राहणार. त्या गोळीत टेनोफोव्हिर असतं. आदल्या वर्षी तो जिच्याबद्दल विचारत होता, त्या गोळीतही टेनोफोव्हिरच असतं.

ही गोष्ट मी त्याच्या कीवेसाठी सांगत नाही. तो आज कामावर जातो, औषध वेळेवर घेतो, त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला आहे. पण ज्याला लागण झालेली नाही आणि होण्याची शक्यता मात्र मोठी आहे, त्याला हेच औषध सरकारी दवाखान्यातून मोफत आणि चारित्र्याची चौकशी न करता मिळायला हवं, हे मी गेली कित्येक वर्षं जिथे संधी मिळेल तिथे बोलत आले आहे. आपली व्यवस्था लागण झाल्यावर उदार होते. त्याच्या आदल्या दिवशी तिच्याकडे सल्ल्याखेरीज फारसं काही नसतं.

या उपायाला प्रेप म्हणतात. दोन औषधांची एक गोळी, टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन, रोज एक. एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरला की त्याला आपला आराखडा पेशीच्या भाषेत उतरवून घ्यावा लागतो; त्याशिवाय त्याला तिथे ठाण मांडता येत नाही. ही औषधं नेमकं ते उतरवणंच अडवतात. औषध आधीच पेशींत हजर असेल तर आलेला विषाणू रुजत नाही. लस शरीराला लढायला शिकवते, हे औषध स्वतः पहाऱ्यावर उभं राहतं. म्हणूनच पहारा रोज लागतो. बंद केला की संरक्षणही संपलं.

याचा पहिला मोठा पुरावा २०१० साली आला. सहा देशांतल्या २,४९९ पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींवर झालेल्या आयप्रेक्स अभ्यासात गोळी मिळालेल्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. आकडा मध्यम वाटतो, पण त्यातल्या अनेकांनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या. ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, त्यांच्यात संरक्षण ९० टक्क्यांच्या वर होतं. २०१२ मध्ये अमेरिकेनं परवानगी दिली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मोठा धोका असलेल्या सगळ्यांसाठी शिफारस केली. आपल्याकडेही कोलकात्यात सोनागाछीतल्या दुर्बार आणि म्हैसूरच्या अशोदय या सेक्स वर्कर बायकांच्या संघटनांनी स्वतः पुढाकार घेऊन हा प्रयोग केला. दोन्ही ठिकाणी प्रत्येकी साडेसहाशेच्या आसपास बायका सहभागी झाल्या. बहुतेकींनी शेवटपर्यंत औषध घेतलं आणि अभ्यासाच्या काळात एकीलाही लागण झाली नाही. "आपल्या लोकांना रोज गोळी घेणं जमायचं नाही" असं परिषदांमध्ये म्हणणाऱ्यांना या बायकांनी करून दाखवलं. नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही प्रेपचा समावेश झाला आहे. पण सूचना आली म्हणजे गोळी खिडकीवर आली असं होत नाही.

लोक म्हणतात, निरोगी माणसाला औषध कशाला? मला हा प्रश्न रास्त वाटतो आणि त्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. मुंबईत दर पावसाळ्यात महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्यानं डॉक्सिसायक्लिन घ्या, लेप्टो होऊ नये म्हणून. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडे हत्तीपायाच्या मोहिमेत आशाताई दारात येते आणि धडधाकट माणसाला आपल्यासमोर गोळ्या गिळायला लावते. एचआयव्हीपुरतंच बोलायचं तर पॉझिटिव्ह आईच्या बाळाला जन्मल्याबरोबर विषाणूविरोधी औषधाचे थेंब पाजतात. ते बाळ आजारी नसतं, त्यानं आजारी पडू नये म्हणून ते थेंब असतात. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आईला उपचार आणि बाळाला प्रतिबंधक औषध मिळालं तर ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. त्या सिस्टरचा धोका तर हजारात तीन होता. तेवढ्या धोक्यासाठी आपण एक क्षण दवडला नाही.

म्हणजे निरोगी माणसाला विषाणूविरोधी औषध देणं आपल्याला तत्त्व म्हणून कधीच अमान्य नव्हतं. बाळ, सिस्टर, अत्याचार झालेली बाई यांना आपण देतो. लागण कोणत्या वाटेनं येणार त्यावर आपला हात सैल होतो किंवा आखडतो. गुडघाभर पाण्यातून का गेलास असं महापालिकेचा डॉक्टर विचारत नाही. शरीरसंबंधाची वाट आली की मात्र सगळे विचारायला लागतात.

"गोळी दिली की मोकाट सुटतील." हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय आणि सुरुवातीला माझ्याही मनात ते येऊन गेलंय. नव्वदच्या दशकात कंडोमबद्दल नेमकं हेच म्हणत. सांगलीत १९९२ पासून संग्राम या संस्थेनं आणि पुढे वॅम्प या सेक्स वर्कर बायकांच्या संघटनेनं कंडोम वाटायला सुरुवात केली तेव्हा त्यांना किती ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना त्या काळात या क्षेत्रात वावरलेल्या कुणालाही येईल. आज कंडोम वाटणं हे सरकारी काम आहे. पुरवठा कमी पडला तर वरून विचारणा होते.

यातला खरा भाग मी नाकारत नाही. काही देशांत काही गटांमध्ये प्रेप सुरू झाल्यावर कंडोमचा वापर घटला आणि गनोरिया, सिफिलिससारखे आजार जास्त आढळले. प्रेप त्यांच्यावर चालत नाही. गर्भधारणाही थांबवत नाही. पण प्रेप घेणाऱ्याला दर तीन महिन्यांनी तपासणीला यावं लागतं, आणि ज्याला आजवर आम्ही कधी पाहिलंही नसतं असा माणूस त्या निमित्तानं दर तीन महिन्यांनी समोर बसतो. सिफिलिस लवकर सापडतो, लवकर बरा होतो. गोळी नाकारली तर तो माणूस ब्रह्मचारी होत नाही, फक्त आमच्याकडे यायचा थांबतो.

आणि कंडोमची एक मर्यादा आहे, जी पुरुषांनी आखलेल्या कार्यक्रमांना उशिरा दिसली. कंडोम वापरायचा की नाही हे बहुतेकदा बाईच्या हातात नसतं. धंद्यातल्या बाईला गिऱ्हाईक जास्त पैसे देऊन किंवा दारूच्या नशेत दमदाटी करून नको म्हणतं. घरातल्या बाईला तर नवऱ्यापुढे तो शब्द काढणंच अवघड, कारण शब्द काढला म्हणजे संशय घेतला. प्रेप हा तिच्या हातातला उपाय आहे. कुणाची परवानगी न घेता तिला तो घेता येतो.

माझ्यासमोर एक जोडपं बसलं होतं. नवरा ट्रकवर, नुकताच पॉझिटिव्ह निघालेला, औषध सुरू होऊन जेमतेम महिना झालेला. बायको निगेटिव्ह. लग्नाला तीन वर्षं, मूल नाही, आणि सासूचा तगादा. नवरा बाहेर पाणी प्यायला गेला तशी ती पुढे सरकून म्हणाली, "ताई, त्यांना औषध चालू झालं. मला काय?" मी सांगितलं की नवऱ्याचा व्हायरल लोड दबला की त्याच्याकडून तुला लागण होणार नाही, तोवर थांबा. हे शास्त्राला धरूनच होतं. ज्या अभ्यासानं २०११ साली ते सिद्ध केलं, त्यात पुण्याच्या भोसरीतल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतली जोडपीही होती. पण विषाणू दबायला काही महिने जातात, सहा महिनेही लागू शकतात. त्या काळात घरात तिला कोण थांबू देणार? केनिया आणि युगांडात अशा जोडप्यांना तेवढ्यापुरती प्रेप दिली गेली. नवऱ्याचं औषध पुरतं लागू होईपर्यंतचा पूल म्हणून, मग बंद. लागण जवळजवळ थांबली. त्या बाईला मी पूल देऊ शकले नाही. दर तीन महिन्यांनी तपासायला ये, एवढंच म्हणाले. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

वैद्यकीय आक्षेप आहेत, आणि नैतिक आक्षेपांपेक्षा मी ते जास्त गंभीरपणे घेते. टेनोफोव्हिरचा काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो, म्हणून क्रिएटिनिन तपासल्याशिवाय सुरू करायचं नाही. हिपॅटायटिस बी असेल तर औषध अचानक बंद केल्यावर यकृताचा आजार उसळू शकतो, म्हणून तीही तपासणी आधी. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माणूस आधीच पॉझिटिव्ह असेल आणि आपण त्याला दोनच औषधांवर ठेवलं, तर विषाणू त्या औषधांना दाद देईनासा होतो. तेच औषध उपचारातही वापरायचं असल्यानं हा धोका क्षुल्लक नाही. म्हणूनच तर मी म्हणते की हे सरकारी केंद्रातूनच व्हायला हवं. आज मोबाइलवर मागवून, मित्राच्या बाटलीतल्या घेऊन, तपासणी न करता गोळ्या खाणारी मुलं आहेत. औषध नाकारून आपण प्रतिरोध रोखत नाही, त्याला देखरेखीबाहेर ढकलतो.

प्रेप कुठे फसली तेही सांगायला हवं. आफ्रिकेतल्या तरुण स्त्रियांवर झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत, फेम-प्रेप आणि व्हॉइस यांत, गोळीचा काही फायदा दिसला नाही. रक्त तपासलं तेव्हा कारण कळलं. बहुतेकींनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या. औषध निरुपयोगी नव्हतं, बाटली घरात ठेवणंच अनेकींना अवघड होतं. हे वाचलं तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. आमच्याकडच्या एआरटीवरच्या बायका काय करतात ते मी पाहिलंय. बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढतात. आत कापसाचा बोळा कोंबतात, पिशवीत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून. डाळीच्या डब्यात पुरतात. एकजण शेजारणीच्या घरी ठेवायची, बीपीच्या गोळ्या म्हणून. आजारी माणसाला जीव वाचवायला हे करावं लागतं. जिला काहीच झालेलं नाही ती हे वर्षानुवर्षं कशी करणार?

याच कारणानं लेनाकापाव्हिर या नव्या औषधाकडे मी मोठ्या आशेनं पाहते. पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन, वर्षातून दोनदा. सुरुवातीला दोन दिवस सोबत काही गोळ्या, मग सहा महिने काही लपवायचं नाही. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण स्त्रियांवरच्या अभ्यासाचे निकाल आले. इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली.

अमेरिकेत या औषधाची वर्षाची छापील किंमत २८ हजार डॉलरच्या वर आहे. पण मूळ कंपनीनं १२० देशांसाठी जेनेरिक बनवण्याचा परवाना ज्या सहा कंपन्यांना दिला, त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत आणि आपल्या पुण्याची एमक्युअर आहे. या परवान्याखाली २०२७ पासून जेनेरिक औषध माणशी वर्षाला ४० डॉलर, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपयांत देण्याच्या घोषणा झाल्या आहेत. आपल्यासाठी ही वाट अनोळखी नाही. २००१ मध्ये एचआयव्हीचा उपचार दहा हजार डॉलरच्या वर होता तेव्हा मुंबईच्या सिप्लानं तो वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगभरातल्या गरीब देशांचं चित्र बदललं. आफ्रिकेतल्या लाखो लोकांना जगवणारी औषधं आपल्या कारखान्यांतून गेली. त्याच कारखान्यांतलं प्रतिबंधक औषध आपल्या तालुक्याच्या ठिकाणी पोचावं, ही मागणी अवाजवी नाही.

पैशाचं काय, हा प्रश्न आरोग्य खात्यात बसलेल्या माणसाला विचारावाच लागतो. सरकारी अंदाजानुसार २०२३ मध्ये देशात ६८ हजारांवर नव्या लागणी झाल्या, म्हणजे दिवसाला १८० हून जास्त. पॉझिटिव्ह व्यक्ती २५ लाखांच्या वर, त्यांतले चार लाखांच्या आसपास महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. यांतल्या प्रत्येकाला आपण जन्मभर मोफत उपचार देण्याचं वचन दिलं आहे, आणि त्या वचनाचा मला अभिमान आहे. विशीतल्या मुलाला लागण झाली तर ते वचन चाळीस-पन्नास वर्षांचं असतं. प्रेप तशी नसते. आयुष्यातला धोक्याचा काळ असतो, तेवढ्यापुरती ती लागते. धंदा सुटला, जोडीदार एक झाला, नवऱ्याचा विषाणू दबला की बंद. उपचाराच्या पैशातून कापून प्रेप द्यावी असं मी म्हणत नाही, कुणी म्हणालं तर विरोध करेन. पण नव्या लागणी २०१० च्या तुलनेत ८० टक्क्यांनी खाली आणायचं उद्दिष्ट राष्ट्रीय कार्यक्रमानंच लिहून ठेवलंय आणि २०२३ पर्यंत घट साधारण निम्म्याच्याही आत होती. उरलेली घट निव्वळ समुपदेशनानं होणार नाही. मी ते समुपदेशन केलंय, म्हणून सांगते.

बरं, यासाठी नवी इमारत लागत नाही. ज्यांना सर्वाधिक धोका आहे त्यांच्यापर्यंत आपले टीआय प्रकल्प, म्हणजे जास्त धोका असलेल्या गटांसाठीचे प्रतिबंध प्रकल्प, आधीच पोचलेले आहेत. त्यांच्यातूनच आलेले पीअर आणि वस्तीत फिरणारे आउटरीच वर्कर त्यांना नावानं ओळखतात. निगेटिव्ह पण धोक्यात असलेल्यांसाठी संपूर्ण सुरक्षा केंद्रं सुरू झाली आहेत. मोठ्या एआरटी केंद्रांत एचआयव्हीच्या औषधांचा साठा आहे, क्रिएटिनिनची सोय आहे, गोपनीयतेची कायदेशीर सक्ती २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं आहे. ज्या जिल्ह्यांत नव्या लागणी जास्त आहेत तिथून गोळीनं सुरुवात करता येईल, आणि लागण झालेल्यांच्या जोडीदारांना पहिल्या यादीत घेता येईल. इंजेक्शन येईल तेव्हा टोचणारे हात तयार असतील, तपासणीची घडी बसलेली असेल. ते आल्यावर तयारीला लागलो तर आणखी दोन-तीन वर्षं जातील आणि त्या वर्षांतल्या लागणी मागे घेता येणार नाहीत.

आणि एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. टीआय प्रकल्पांतल्या लोकांची एचआयव्ही तपासणी दर सहा महिन्यांनी करायची, असा आपला नियम फार जुना आहे. इंजेक्शनही सहा महिन्यांचंच आहे. तो मुलगा सांगितलेल्या तारखेला न चुकता यायचा, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, लाल-पिवळी एसटी पकडून. माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून रिपोर्टची वाट बघायचा. निगेटिव्ह ऐकलं की शर्टाची बाही खाली करत उठायचा. तेव्हा मला त्याला एवढंच म्हणता आलं असतं तर, की थांब, उठू नकोस, अजून पाच मिनिटं बस.